बाइंडरकाकांची आठवी घडी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

हे आधीच सांगते, कारण पुढे वाचताना तुम्हाला वाटेल की हिने रंगवून सांगितलंय. उलट दोन-तीन गोष्टी मी गाळल्यात. लिहायला बसले आणि हात पुढे जाईना, म्हणून.

हे घडलं माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत. आम्ही तिला ताईच म्हणतो, इथेही ताईच म्हणते.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. गुरुवार होता. दुपारचे दोन चाळीस. बाहेर असं लख्ख ऊन, की दारात उभं राहिलं तर डोळे मिटावेत.

भुतं रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी दुपारची शांतता नीट ऐकलेली नाही.

छापखान्याच्या मागच्या गल्लीत एक बैठं घर आहे. आठ खोल्यांत आठ खाटा, एक लांब व्हरांडा आणि फिनेलचा वास. डॉक्टरांनी हात टेकलेत आणि घरी बघणारं कुणी नाही, अशी माणसं तिथे शेवटचे दिवस काढतात. औषधपाणी सिस्टर बघतात. ठेंगण्या, पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. पण तिथलं खरं काम औषधाचं नाहीच.

तिथलं खरं काम बसण्याचं.

एकट्याने कुणी जायचं नाही, एवढाच त्या घराचा नियम. म्हणून साधीसुधी माणसं पाळीपाळीने येऊन दोन-दोन तास खाटेशेजारी बसतात. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. एक न्हावी आहे, दुकान बंद असेल त्या दिवशी येतो आणि बसल्या बसल्या दाढ्याही करून देतो. एक निवृत्त बसड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणतात. आणि दर गुरुवारी एक ते तीन, माझी ताई.

तिथे कुणी कुणाचे आभार मानत नाही. ज्यांनी मानायचे, ते मागे राहत नाहीत.

बसायचीही एक रीत आहे. आपला हात आजाऱ्याच्या हाताखाली ठेवायचा. पाळी बदलताना आधी येणाऱ्याचा हात खाली सरकतो, मगच जाणाऱ्याचा निघतो. येणारा म्हणतो, "आले मी. तुम्ही निघा." मग उठायचं. मधे एक श्वासही रिकामा जाता कामा नये.

ताईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "इतकं कशाला? दोन सेकंदांनी काय होतं?"

सिस्टर म्हणाल्या, "एक आजी होत्या इथे. बसलेली बाई फक्त खिडकी लावायला उठली. आणि तेवढ्यात…"

 

पाच नंबरच्या खाटेवर बाइंडरकाका होते. जन्मभर वह्या-पुस्तकं बांधण्यात गेलेला माणूस. दुकान विकून, बायकोच्या मागे दहा वर्षं एकटे राहून, शेवटी इथे आलेले. अंगावर मांस नव्हतं. चमचा उचलायची ताकद नव्हती. पण उजव्या हाताचा अंगठा मात्र जिवंत होता.

ताईचा हात खाली असायचा, त्यांचा वर. आणि त्यांचा अंगठा तिच्या हाताच्या पाठीवरून मनगटापासून बोटांपर्यंत दाबत यायचा. सावकाश. मग थांबायचा. मग पुन्हा.

सर्र… सर्र…

कोरडी कातडी. कागदावरून नख फिरवल्यासारखा आवाज.

आठ वेळा. मग तळहाताने दोन थापट्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

"हे काय करता हो काका?" ताईने एकदा विचारलं.

"वही करतोय. आठ कागद दुमडायचे, एकेक घडी दाबायची, दोनदा ठोकून कडा सारख्या करायच्या. की शिवायला तयार." मग जरा दम घेऊन म्हणाले, "तुमचा हात बरा आहे. जाडसर कागदासारखा."

"हे कौतुक समजू का?"

"कौतुकच. पातळ कागदाला घडी नीट बसत नाही. त्या ड्रायव्हरचा हात म्हणजे पुठ्ठा आहे नुसता."

ताई हसली. त्यांच्या बोटांना खळीचा वास यायचा. पिठाची खळ, बाइंडिंगची. दुकान विकून वर्षं झाली, पण वास गेला नव्हता. की तिला तसं वाटायचं, कोण जाणे.

एका गुरुवारी ते आपणहून बोलले.

"बायको गेली ना, तेव्हा मी दुकानात होतो. शेजारचा बोलवायला आला. सहावी घडी चालली होती. म्हटलं, दोन कागद उरलेत, एवढे करून येतो."

तिच्या हातावरचा अंगठा थांबला.

"आमचे उस्ताद सांगायचे, काम अर्धवट टाकून उठलं की जीव त्यात अडकतो. मी पुरं केलं. आठही. दोन थापट्याही मारल्या. घरी पोचलो तर तिचा हात खाटेवरून असा खाली लोंबत होता." ते छताकडे बघत होते. "पुरं केलं तरी जीव अडकतोच की."

मग त्यांनी मान वळवली.

"माझ्या वेळी तुम्ही असलात तर… हात सोडू नका."

"नाही सोडणार," ताई म्हणाली.

असं वचन तिथे कुणी देत नाही. कुणाची वेळ कुणाच्या पाळीत येईल, ते कुणाला ठाऊक? सिस्टरनी ऐकलं असतं तर झापलं असतं. पण ताईचा स्वभावच तसा. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की हिच्या तोंडून हो गेलंच.

आता त्या गुरुवारचं सांगते.

बाइंडरकाकांचा श्वास सकाळपासून बदलला होता. मधे मधे लांब थांबायचा. तिथे बसणाऱ्यांना तो श्वास ओळखता येतो. सिस्टर कानात म्हणाल्या, "आज बहुतेक." ताई खाटेच्या कडेवर बसून होती. अंगठा अजून चालू होता, पण फार हलका.

ड्रायव्हरकाकांची पाळी तीनला. ते कधी उशीर करत नसत. म्हणायचे, "तीस वर्षं माझ्या बसने लोकांना उशीर केला. आता एक मिनिट चुकायची माझी हिंमत नाही."

दोन चाळीसला व्हरांड्यातला फोन वाजला.

खोलीत मोबाईल न्यायचा नाही असा तिथे नियम आहे, म्हणून पाळणाघराला ताईने त्या घराचा नंबर दिलेला होता. सिस्टर दोन नंबरच्या खोलीतून धावत आल्या. तिथल्या बाईंना रक्ताची उलटी होत होती, सिस्टरच्या हातमोज्यांवर डाग होते. फोन कानाला लावला आणि दारातून ओरडल्या.

"चिंगीला झटका आलाय. ताप चढलाय. मावशी एकट्याच आहेत. जा तू."

चिंगी ताईची मुलगी. तेव्हा चार वर्षांची. सकाळी जरा कोमटच लागत होती. ताईने हात लावून पाहिलं होतं, आणि तरीही पाठवली होती. गुरुवार होता म्हणून.

"सिस्टर, यांचा हात?"

"आले मी दोन मिनिटांत. जा."

पण दोन नंबरमधून पुन्हा आवाज आला आणि सिस्टर तिकडे वळल्या.

ताई खाटेच्या कडेवर. खाली तिचा हात. वर त्यांचा. श्वास लांब थांबलेला. मग पुन्हा आलेला.

तिकडे लेक.

उशाशी एक पांढरा नॅपकिन होता. तिने त्याची जाड गुंडाळी केली. आधी ती गुंडाळी त्यांच्या हाताखाली सरकवली. मग आपला हात काढला.

रीतीप्रमाणे.

नुसता हात काढून ती पळाली असती, तर कदाचित तिला इतकं लागलं नसतं. पण तिने कापडाला हात बनवलं. मरणाऱ्या माणसाला फसवलं. हे तिचं म्हणणं, माझं नाही.

दाराशी ती क्षणभर वळली. अंगठा त्या नॅपकिनवरून फिरत होता. मनगटाची जागा शोधत…

ती पळाली.

स्कूटरने पाळणाघर पंधरा मिनिटांवर. ती पोचली तेव्हा तीन वाजायला दोन मिनिटं होती. पाळणाघरवाल्या मावशी फाटकातच उभ्या. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना हाका मारून मारून त्यांचा घसा बसला होता.

"थांबला झटका. थांबला गं. आत आहे. कुशीवर निजवलीये."

झोपायच्या खोलीत चिंगी शांत पडली होती. डोळे अर्धे उघडे. अंग तापलेलं. एक हात चादरीबाहेर… गादीपासून चार बोटं वर. हवेत. कशावर तरी टेकवून ठेवल्यासारखा.

ताईने तिला उचललं आणि छातीशी धरलं. हाताचा विचार तिने तेव्हा केला नाही. कोण करेल?

डॉक्टर आले. म्हणाले, तापात लहान मुलांना येतात असे झटके. पाच-सहा वर्षांपर्यंत येऊ शकतात. ताप चढू द्यायचा नाही, लक्ष ठेवायचं.

संध्याकाळी ड्रायव्हरकाकांचा फोन आला.

"पोर बरी आहे ना?"

"बरी आहे. काका… ते?"

"गेले. तीन-पाचला. माझ्या हातात गेले, शांत. तू काळजी करू नकोस."

ताई फोन धरून स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडली. दुःख होतंच, पण त्याहून जास्त सुटका होती. नॅपकिनवर नाही गेले. माणसाच्या हातावर गेले.

तीन दिवस ती त्या एका वाक्यावर जगली.

चौथ्या दिवशी चिंगीचा ताप पूर्ण उतरला. दुपारी ती गादीवर बाहुली घेऊन बसली होती. ताई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

चिंगीने बाहुलीचा हात आपल्या हातात घेतला. आणि अंगठ्याने तो मनगटापासून बोटांपर्यंत दाबला. सावकाश. थांबली. पुन्हा दाबला.

ताईच्या हातातला शर्ट हातातच राहिला.

चिंगी त्या घरी कधी गेली नव्हती. घडीचं, थापट्यांचं ताईने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

तीन… चार… पाच…

सात.

चिंगी थांबली आणि बाहुली बाजूला टाकली.

"हे काय गं करतेस?" ताईने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"काकांनी केलं तसं."

"कोणते काका?"

"पाळणाघरातले. झोपायच्या खोलीतले."

"कसे दिसतात?"

चिंगीने विचार केला. "बसलेले."

"काही बोलले?"

"आई निघालीय म्हणाले. घाबरू नको म्हणाले. त्यांच्या हाताला पिठाचा वास होता." मग नाक खाजवत, "त्यांनी सात केले."

"आणि आठवं?"

"मग तू आलीस ना."

ताई त्याच संध्याकाळी पाळणाघरात गेली. मावशी आधी चिडल्याच.

"बाई, माझ्या पाळणाघरात पुरुष? तीस वर्षांत डॉक्टर सोडले तर कुणी उंबरा ओलांडला नाही. पोरांचे बापसुद्धा फाटकातून पोरं नेतात. आणि त्या दिवशी तर मी स्वतः फाटकात उभी होते. माझ्या अंगावरूनच जावं लागलं असतं त्याला."

मग जरा थांबून, आवाज खाली आणत म्हणाल्या, "एक सांगू का? मला तेव्हा सांगवलं नाही. मी बाहेरून हाका मारत होते ना, तर आतून मला आवाज आला. कागद चोळल्यासारखा. म्हटलं, पोर तडफडतेय, चादर घासतेय. आत जायला पाय उचलेना. आणि मग तो आवाज… एका तालात यायला लागला."

पुढच्या गुरुवारी ताई तीनपर्यंत थांबली. ड्रायव्हरकाका आले तेव्हा तिने त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"काका, खरं सांगा. ते तुमच्या हातात गेले?"

"सांगितलं होतं ना तुला."

"काका."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसत राहिले. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिले.

"तुला लहान पोर आहे. म्हटलं, हिच्या डोक्यावर कशाला जन्माचं ओझं? माझं काय, म्हातारा माणूस. माझ्या टपावर अजून एक बोचकं मावतं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बस पंक्चर झाली. बारा मिनिटं. त्या दिवशीच. उरलेलं पळत आलो. सिस्टर दोन नंबरमध्ये अडकलेल्या, त्या बाईही जाता जाता वाचल्या. पाचमध्ये कुणी नव्हतं. काका… झाले होते. हात गार."

म्हणजे एकटेच.

कुणीही एकट्याने जायचं नाही, त्या घरात एकटे. कापडाच्या गुंडाळीवर हात ठेवून.

"थांब," ड्रायव्हरकाका म्हणाले. "अजून आहे. सिस्टरना मी हे बोललो नाही. मला वेड्यात काढतील."

त्यांनी आपल्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तो पांढरा नॅपकिन काढला.

गुंडाळी राहिली नव्हती. नॅपकिन उलगडून, नीट सपाट करून, त्याला घड्या घातल्या होत्या. एकीला लागून एक, अरुंद, कागदाला पडतात तशा धारदार. ताईने बोटाने मोजल्या.

सात.

शेवटचा पदर तसाच मोकळा सोडलेला.

"चमचा उचलता येत नव्हता त्यांना," ड्रायव्हरकाका म्हणाले. "आणि हा त्यांच्या हाताखाली नव्हता. पायथ्याशी ठेवला होता. बाजूला सारल्यासारखा."

"आणि हात?"

"हात रिकामा." ते दाराच्या उंबऱ्याकडे बघत होते. "त्यांच्या चपला आठवतात तुला? सिस्टर खाटेखाली लावून ठेवायच्या. महिनाभर पाय लागले नव्हते त्यांना. त्या… तिथे होत्या. उंबऱ्याशी. तोंड बाहेर करून. एक पुढे, एक मागे. माणूस घाईने निघाला की पडतात ना, तशा."



ताईला कळलं. ड्रायव्हरकाकांना नाही कळलं, कारण त्यांना दुकानातली ती गोष्ट ठाऊक नव्हती. बायकोचं बोलावणं आलं तेव्हा हा माणूस उरलेल्या दोन घड्या घालायला थांबला होता. पुढची दहा वर्षं तेच उरात घेऊन जगला.

या वेळी एकच घडी उरली होती.

या वेळी तो थांबला नाही.

सिस्टर दारातून ओरडल्या होत्या, "मावशी एकट्याच आहेत." ते त्यांनी ऐकलं होतं. मावशी डॉक्टरांना बोलवायला धावली की लेकरू एकटं, एवढं त्यांना कळलं, आणि आपलं मरण अर्धवट टाकून ते उठले.

ताई म्हणते, "मी त्यांना कापड दिलं. त्यांनी माझ्या पोरीला हात दिला."

हे सांगताना ती अजूनही रडते.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीच नसती. असं काही ऐकलं की आपण हात जोडतो, चांगला माणूस होता म्हणतो आणि झोपायला जातो.

आठ महिने गेले. ताईने बसणं सोडलं नाही. उलट आता ती पाळीच्या दहा मिनिटं आधी पोचायची आणि पाळी संपल्यावरही रेंगाळायची. ड्रायव्हरकाका चेष्टा करायचे, "बाई, उतरा आता, शेवटचा स्टॉप आला."

मग एका दुपारी चिंगीला पुन्हा ताप चढला.

घरी दोघीच. नवरा कामावर. औषध देऊन झालं होतं. चिंगी गाढ झोपलेली, चादर गळ्यापर्यंत, दोन्ही हात आत. ताईने स्वतः आत घेतले होते. कपाळावरचं फडकं भिजवायला ती स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. फडकं भिजवलं. नळ बंद केला.

घरात काही आवाज नव्हता. पंखा तेवढा फिरत होता.

आणि पंख्याखाली…

सर्र.

ती जागच्या जागी थांबली. फडक्यातून पाणी पायावर ठिबकत राहिलं.

सर्र…

एका तालात. मधे तेवढंच थांबणं. खळीचा वास आला. आंबूस, पिठूळ. तिच्या घरात तेव्हा पीठ मळलेलं नव्हतं.

ती दारापर्यंत आली. खोलीत कुणी नव्हतं. खाटेशेजारी तिचं बसायचं स्टूल होतं, ती सोडून गेली होती तिथेच. मात्र चिंगीचा उजवा हात चादरीबाहेर होता. गादीपासून चार बोटं वर. टेकलेला.

आणि त्या चिमुकल्या हाताच्या पाठीवर, मनगटाशी, एक खळगा पडला. अंगठ्याएवढा. तो सावकाश बोटांकडे सरकत गेला. मऊ कातडी दबत गेली आणि मागे पुन्हा वर आली.

चिंगी झोपेत हसली.

ताईला भीती वाटली नाही, असं ती सांगते. म्हणजे, आधी नाही वाटली. आधी तिला वाटलं, पाया पडावं.

मग एक विचार आला.

आपण तिथे कुणाच्या शेजारी बसतो?

जे उठणार नसतात, त्यांच्याच ना.

सर्र. पाच.

सर्र. सहा.

ती पुढे झाली. ओढून घेता आलं असतं पोरीला. पण दोन वर्षांची सवय होती, हात आपोआप रीतीनेच गेला. तिने आपला तळवा चिंगीच्या हाताखाली सरकवला.

तिथे जागा रिकामी नव्हती.

थंड. कोरडं. हाडकुळं. तिच्या हाताच्या पाठीला ते लागलं. जसं पाळी बदलताना आधीच्या माणसाचा हात लागतो, अगदी तसं.

"आले मी, काका," ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "तुम्ही निघा."

वर सातवा खळगा बोटांपर्यंत पोचत होता. तो थांबला.

खालचा हात हलला नाही. क्षणभर. दोन क्षण.

मग, तिचा हात नीट बसलाय याची खात्री करून घेतल्यासारखा… तो हळूच निघाला.

चिंगीच्या हाताचं सगळं वजन ताईच्या तळव्यावर आलं. दोन थापट्या झाल्या नाहीत. वास ओसरला. पंखा फिरत राहिला.

तासाभरात ताप उतरला. झटका आला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कधी नाही. चिंगी आता सहा वर्षांची आहे. दात पडलेत, शाळेत भांडणं करते आणि कुणालाही हात धरू देत नाही. पाळणाघरातले काका तिला आठवत नाहीत.

ताईला मात्र दुपारी झोप येत नाही.

ते भल्यासाठी आले होते, की न्यायला आले होते, हे तिला ठाऊक नाही. ती फक्त एवढंच म्हणते की तिने पुन्हा घाई केली. पहिल्या वेळी घाईने हात काढला, दुसऱ्या वेळी घाईने घातला. तिन्ही वेळा सातच झाल्या. नॅपकिनवर सात. पाळणाघरात सात. घरी सात. प्रत्येक वेळी मधे तीच आली किंवा तिचंच लेकरू आलं.

तो नॅपकिन तिच्या कपाटात आहे. तिने तो तीनदा धुतला, एकदा कडक इस्त्री केली. घड्या जात नाहीत. आठवी स्वतः घालायचा प्रयत्नही तिने करून पाहिला. रात्रभर वजनाखाली ठेवली तरी सकाळी ती जागा सपाट असते.

दर गुरुवारी ती अजून जाते. पाच नंबरच्या खाटेवर आता दुसरं कुणी असतं. दोन चाळीसला ती आपला डावा हात, जो मोकळा असतो तो, चादरीवर पालथा ठेवते. ड्रायव्हरकाका एकदा लवकर आले आणि त्यांनी पाहिलं. ते तसेच बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

ती मनात म्हणते, काका, उरलेली घडी माझ्यावर घाला आणि मोकळे व्हा. माझा हात जाडसर आहे. नीट बसेल.

काही होत नाही. दोन एक्केचाळीस होतात, बेचाळीस होतात.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे राहायला गेले होते. माझी तान्ही घेऊन. दुपारी दोन्ही पोरी एका खाटेवर झोपलेल्या. आम्ही दारात बसून हळू आवाजात बोलत होतो, तेव्हा तिने मला हे सगळं पहिल्यापासून सांगितलं.

शेवटी मी विचारलं, "मग ती आठवी घडी… कुणाच्या हातावर घालतील गं ते?"

ताई उठली.

 आधी चिंगीचा हात चादरीत घेतला.

मग माझ्या लेकीचा.